मृगापूर्वीची छाटणी आणि स्वस्त 'कटर'चा धोका

वैशाख सरत आला, आंब्याची काढणी आटोपत आली, आणि घरावर, गोठ्यावर व विजेच्या तारांवर झुकलेल्या फांद्या मृगापूर्वी उतरवून घेण्याची लगबग कोकणात गावोगाव सुरू झाली आहे. कोणती फांदी राखावी आणि कोणती काढावी हे बागायतदारांस सांगण्याचे प्रयोजन नाही. ते ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. परंतु यंदा ज्या एका जिनसेने अनेक घरांत काळजी उत्पन्न केली आहे आणि जिच्यापायी हा मजकूर लिहिणे भाग पडले, ती म्हणजे मोबाईलवर चित्र पाहून पाच-सहा हजार रुपयांत घरपोच मागविलेली पेट्रोलची यांत्रिक करवत, जिला आपण सर्रास 'कटर' म्हणतो.

या यंत्राची गरज खोटी नाही. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळाने रायगडापासून दापोली-मंडणगडापर्यंत माड, पोफळी आणि आंबे आडवे केले, आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते'ने किनाऱ्याला पुन्हा झोडपले, तेव्हा कुऱ्हाड चालविणारा गडी दुप्पट मजुरी देऊनही मिळत नव्हता, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तेव्हापासून घरी एक कटर असावा असे प्रत्येक बागायतदारास वाटू लागले, यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की हा स्वस्तातला कटर घेतलेल्या पैशांचा मोबदला देतो काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : बहुतेकांच्या बाबतीत देत नाही, आणि ज्यांच्या बाबतीत देतो, त्यांनाही तो पुढे सांगितलेल्या परीक्षांना उतरल्याखेरीज हाती धरण्यास योग्य नव्हे.

यांत्रिक करवतीचा खरा धोका तिच्या दातांत जितका आहे, त्याहून अधिक तिच्या उसळीत आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चालू असताना दुसऱ्या फांदीस, गाठीस किंवा जमिनीस टेकला, की साखळीचा दाता त्या ठिकाणी अडकतो आणि इंजिनाचा सगळा जोर उलटून करवत चालविणाऱ्याच्या मानेकडे व खांद्याकडे येते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे 20 मीटर धावत असते. हात मागे घेण्यास सवड मिळत नाही. म्हणूनच पुढच्या मुठीसमोर हाताची ढाल असते आणि ती ढाल पुढे ढकलली जाताच साखळी जागच्या जागी थांबवणारा ब्रेक तिला जोडलेला असतो. चांगल्या यंत्रात हा ब्रेक उसळीच्या नुसत्या धक्क्यानेही आपोआप लागतो. स्वस्त यंत्रांपैकी काहींत ढाल दिसते, पण तिच्यामागचा ब्रेकचा पट्टा ढिला असतो. काहींत तो पहिल्या आठवड्यातच झिजतो. आणि चित्रात तर सगळी यंत्रे सारखीच दिसतात.

दापोलीच्या बाजूच्या एका बागायतदारांकडे असे एक यंत्र मी उघडून पाहिले. त्यांच्या मुलाच्या डाव्या मनगटावर टाके पडले होते आणि सगळे घर आंब्याच्या त्या फांदीला दोष देत होते. आवरण काढले तेव्हा क्लचच्या डब्याभोवतीचा पोलादी पट्टा ऑईलने माखलेला आणि एका बाजूस वाकलेला आढळला. ढाल पुढे ढकलली असता 'खट्' असा आवाज होई, परंतु साखळी हाताने ओढली की सहज फिरे. तो आवाज ऐकून ब्रेक चालतो अशी घरच्यांची समजूत झाली होती.

म्हणून ज्यांनी यंत्र घेतलेच आहे त्यांनी प्रथम इंजिन बंद ठेवून ढाल पुढे ढकलावी आणि जाड हातमोजा घालून साखळी ओढून पाहावी. ती तसूभरही हलता कामा नये. नंतर, इंजिन बंदच ठेवून व ढाल मागे ओढून, करवत एखाद्या बुंध्याच्या हातभर वर धरावी, पुढचा हात सोडावा आणि मागची मूठ धरून पट्टीचे टोक बुंध्यावर आपटू द्यावे. त्या धक्क्याने ब्रेक आपोआप लागला पाहिजे. यानंतरच यंत्र जमिनीवर घट्ट धरून सुरू करावे, क्षणभर वेग वाढवावा आणि मनगटाने ढाल ढकलावी. साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. यांपैकी एका जरी परीक्षेस न उतरलेले यंत्र परत पाठवावे. परत पाठविण्याची मुदत टळून गेली असेल तर ते माळ्यावर ठेवावे, पण झाडाला लावू नये. पैसे गेले म्हणून ते वापरून वसूल करण्याचा विचार कोणीही मनात आणू नये.

मोठ्या आकड्यांचीही भुरळ पडते. '58 सीसी' असे ठळक अक्षरांत छापलेल्या यंत्राच्या पुस्तिकेत सिलिंडरचा व्यास 45 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 34 मिलिमीटर दिलेली असेल, तर शाळेत शिकलेल्या गणिताने ते 54 सीसीच भरते. त्यावर 22 इंची पट्टी बसवली की यंत्र अधिक शक्तिमान होत नाही, उलट टोक लांब जाऊन उसळीचा संभव वाढतो. घरगुती छाटणीला 14 ते 16 इंचांची पट्टी पुरेशी आहे.

आता आपल्या लोकांच्या लाडक्या उपायांविषयी, ज्यांचा मला मनापासून कंटाळा आला आहे. पुस्तिकेत पेट्रोल-ऑईलचे प्रमाण 25 स 1 दिले असेल तर लिटरभर पेट्रोलात 40 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल घालावयाचे, आणि 50 स 1 असेल तर 20. तरीही 'इंजिन थंड राहते' म्हणून अंदाजाने दुप्पट ओतणारे प्रत्येक गावात आहेत, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचून यंत्र बंद पडले की विक्रेत्यास शिव्या देणारेही तेच. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा ओढून घेते. कालवलेले मिश्रण महिना-महिना डब्यात ठेवल्यास स्वस्त यंत्राच्या रबरी नळ्या फुगतात आणि कार्ब्युरेटर चिकटतो. साखळीच्या टाकीत गाडीचे जळके ऑईल घालणे ही अशीच एक अनिष्ट काटकसर : त्यातील धातूचा चुरा पंप बुजवतो आणि तेच ऑईल फवाऱ्यासारखे श्वासात व कातडीवर जाते. साखळीला धार लावण्यास करवतीची त्रिकोणी कानस चालत नाही, 0.325 पिचच्या साखळीला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. सर्वांत वाईट खोड म्हणजे दात्यापुढची लहान गाठ घासून सपाट करणे. ती गाठ दात्याच्या धारेपेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली असते आणि दाता किती खोल शिरावा हे तीच ठरवते. ती घासली की 'मशीन जास्त खाते' हे खरे, पण तेवढीच जास्त उसळतेही.

काही जणांनी यापुढची पायरी गाठली आहे. भिंती आणि लोखंड कापण्याच्या ग्राइंडरला हजारभर रुपयांची पट्टी व साखळी बसवून त्याची करवत करतात. या जोडणीला ब्रेक नाही, मागची मूठ नाही, साखळी तुटल्यास अडविणारा खुंट नाही. हिच्याबद्दल कोणतीही सूचना मी देणार नाही. ती घरात ठेवूच नये.

यंत्र चांगले असले तरी काही कामे अंगावर घ्यायची नसतात. तौक्तेनंतर एका वाडीत मुळासकट उन्मळलेला फणस कापताना पाहिला. खोडाचा भार कापून वेगळा होताच मुळांचा मातीसह उभा राहिलेला गड्डा झपकन खड्ड्यात परत बसला. दोन मिनिटांपूर्वी त्याच खड्ड्यात एक मूल खेळत होते. तारेवर पडलेली फांदी, दुसऱ्या झाडात अडकलेला बुंधा आणि शिडीवर चढून करावयाची कापणी, ही तिन्ही कामे सराईत माणसाचीच होत. माडाचे खोड तंतुमय असते. त्यावर नवी साखळीही पाहता पाहता बोथट होते, आणि बोथट करवतीवर माणूस अंगाचा जोर देऊ लागतो.

मग करावे काय? ज्याच्या बागेत वर्षातून चार-सहा दिवसच करवतीचे काम निघते, त्याने स्वतःचे यंत्र असलेला अनुभवी माणूस रोजावर आणावा. यंत्राच्या किमतीत साखळ्या, कानस, ऑईल, दुरुस्ती, हेल्मेट, डोळ्यांवरची जाळी, पायांवरचे संरक्षक कापड आणि बूट यांचा खर्च मिळवावा, आणि मग आपल्या गावच्या रोजाशी तुलना करावी. हिशेब आपोआप उमगेल. ज्यांना मोठी बाग सांभाळावयाची आहे त्यांनी चार-पाच जणांनी मिळून तालुक्याच्या दुकानातून, पक्क्या पावतीवर, सुटे भाग आणि मिस्त्री जवळ मिळतील असे एकच चांगले यंत्र घ्यावे आणि ते चालविण्याची जबाबदारी एकाच शिकलेल्या इसमाकडे द्यावी. मनगटाएवढ्या फांद्यांना आपली हातकरवत उत्तम आहे.

आंब्याची फांदी कापताना आधी खालून थोडा काप घेऊन मग वरून कापावे, म्हणजे साल सोलत खाली जात नाही. फाटलेल्या सालीत भिरूड अंडी घालते. कापल्या जागी त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत येतात, तेव्हा उभे झाड तोडावयाचे असल्यास वन खात्याची परवानगी आधी घ्यावी. वादळात झाड पडल्यास कटर सुरू करण्याची घाई न करता प्रथम छायाचित्र काढावे आणि तलाठी व कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा करून घ्यावा. खोडाचे तुकडे झाल्यावर कोणते झाड किती वर्षांचे होते हे दाखविण्यास बागायतदाराच्या हाती पुरावा उरत नाही.