मनगटाची शीर जपण्याविषयी

मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाला डायलिसिस सांगितले जाते तेव्हा घरातील सर्व विचार यंत्र, खर्च आणि आठवड्यातील फेऱ्या यांभोवती फिरतो. यंत्रात शुद्ध करण्यासाठी रक्त शरीरातून बाहेर काढायचे कोठून, हा प्रश्न मात्र सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातील कुटुंबांना बहुधा तातडीची वेळ अंगावर आल्यावरच कळतो, असा अनुभव आहे. यंत्राला मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर रक्त लागते आणि हातावरच्या साध्या शिरेतून ते मिळत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, आणि नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणारी शीर, छोट्या शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. धमनीतले जोराचे रक्त शिरेत उतरून ती हळूहळू रुंद व जाड होते आणि तिच्यात वारंवार सुई घालता येते. या जोडणीला फिस्टुला म्हणतात.

अमेरिकेत सिएटल येथे डॉ. स्क्रिबनर यांनी 1960 मध्ये हाताबाहेर राहणारी टेफ्लॉनची नळी वापरून दीर्घकाळ डायलिसिस शक्य केले, परंतु अशा नळीत जंतुसंसर्ग होई व गुठळ्या धरत. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटावरील फिस्टुलाची पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही बहुतेक रुग्णांसाठी तिलाच पहिली पसंती दिली जाते. तिची अडचण एकच, पण मोठी आहे. फिस्टुला तयार व्हायला सहा आठवड्यांपासून तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि कित्येकदा तो तयारच होत नाही. हा काळ औषधाने आटोपता येईल काय, याचाही शोध घेतला गेला. अमेरिकेत 877 रुग्णांवर झालेल्या व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेलने सुरुवातीच्या गुठळ्या कमी झाल्या, तरी डायलिसिसला उपयोगी ठरलेल्या फिस्टुलांचे प्रमाण वाढले नाही. हे औषध घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही गटांत सुमारे साठ टक्के फिस्टुला अपेक्षित क्षमतेला पोहोचले नाहीत. पुढे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत माशाच्या तेलानेही फिस्टुला निकामी होण्याचे प्रमाण घटले नाही. यातून रुग्णाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : चांगली शीर आणि हाताशी असलेला वेळ यांची जागा गोळी घेऊ शकत नाही.

नेमकी हीच शीर गावोगावी वाया जाते. डाळिंबाच्या बागेत उन्हात राबलेल्या माणसाला अशक्तपणा आला की दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेण्याची सवय मुरलेली आहे आणि सुई बहुधा मनगटाच्या किंवा कोपराच्या ठळक शिरेतच घातली जाते. मूत्रपिंडविकार असलेल्याच्या बाबतीत हे दुहेरी नुकसान ठरते, कारण सलाईनचे साचलेले जादा पाणी पायांवर व छातीत उतरते आणि वारंवार टोचल्याने शीर आतून कडक होऊन बुजते. मग फिस्टुलाच्या वेळी ‘शीर सापडत नाही’ हे शब्द ऐकावे लागतात. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकावयाचा रक्तातील एक टाकाऊ घटक, वाढू लागल्याचे समजताच रुग्णाने प्रत्येक दवाखान्यात आधी आजार सांगावा, सुई तळहाताच्या मागच्या बाजूस घ्यावी आणि कमी वापराचा हात शक्यतो राखून ठेवावा. जीव वाचवण्याची वेळ असेल तेथे अर्थातच हा नियम बाजूला राहतो.

फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटे टेकवून पाहावे; आत सतत थरथर जाणवते आणि हात कानाशी नेल्यास घरघर ऐकू येते. ती थांबली तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे, मग सोलापूर किंवा मिरज गाठावे लागले तरी चालेल, कारण गुठळी लवकर काढली तरच जोडणी वाचण्याची आशा असते. त्या हाताने जड ओझे उचलू नये, त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालू नये आणि त्या हातावर डोके ठेवून झोपू नये. डाळिंबाच्या छाटणीत काटे लागतात, म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवणेच शहाणपणाचे. फिस्टुलातून रक्त उडू लागल्यास नेमक्या छिद्रावर बोटाने घट्ट दाब धरून ठेवावा आणि तसेच रुग्णालय गाठावे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेचे काय, हे आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाकडे, आधीच विचारून ठेवावे. वेळ निघून गेल्यास मानेच्या किंवा जांघेच्या शिरेत नळी, म्हणजे कॅथेटर, घालावी लागते. कॅथेटरवरील रुग्णांत मृत्यू अधिक दिसतात. त्यांतील काही भाग ते मुळातच अधिक आजारी असल्यामुळे असतो हे मान्य केले, तरी नळीवाटे जंतू थेट रक्तात शिरतात हे खरेच आहे. अतिवृद्ध किंवा हृदय दुबळे असलेल्या काहींना कॅथेटरच योग्य ठरतो, त्यामुळे तो दिसला म्हणजे डॉक्टर चुकले असे समजू नये. मात्र नळी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला तर गावात इंजेक्शन घेऊन वाट पाहू नये. लगेच डायलिसिस केंद्रात जावे आणि प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताचा नमुना जंतूंच्या तपासणीसाठी घेतला जाईल असे पाहावे.