गिलानाची सेवा आणि पाचवे शील



पाचवे शील आपण दर रविवारी विहारात घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यानंतर कित्येक घरांतून दारू गेली ती कायमची गेली. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण त्या अभिमानाच्या आड एक दुखणे लपून राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरात येणारी गोळी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा. आजोबांनी दीक्षा घेतलेली, घरात दारूचा थेंब नाही. घरातला कर्ता पुरुष अकाली गेला, आईला झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. ते दिवस सरले, चिठ्ठी जुनी झाली, पण गोळी चालूच राहिली. पुढे एकीने भागेना म्हणून दोन झाल्या. दुसऱ्या घरी बांधकामावर कंबर धरलेला मुलगा ट्रामाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्यांवर दिवस काढतो. तिसरीकडे कोडीन असलेले खोकल्याचे औषध बाटलीमागून बाटली संपते. याला कोणी व्यसन म्हणत नाही. तोंडाला वास येत नाही, कोणी गल्लीत पडत नाही, आणि शेवटी ते औषधच ना! केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, डॉक्टरांच्या सल्ल्याविना गुंगीची व झोपेची औषधे घेणारे देशात सुमारे १ कोटी १८ लाख लोक असल्याचे दिसले. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन अशी औषधे विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवावे असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो हे आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलात आपणच पाहतो.

मग अशी गोळी घेणाऱ्याचे शील मोडले काय? वाचकहो, घाईने उत्तर देऊ नका. विनयपिटकाच्या महावग्गात पिलिंदवच्छ थेरांची हकीकत आहे. त्यांना वाताचा विकार झाला. वैद्यांनी तेल काढायला सांगितले आणि त्या तेलात मद्य घालावे लागत होते. तथागतांनी परवानगी दिली. पुढे काही भिक्षूंनी तेलात भरमसाट मद्य घालून ते प्यायले आणि त्यांना नशा चढली. तेव्हा तथागतांनी तसे तेल पिण्यास मनाई केली. मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतपतच असेल तर प्यावे असे सांगितले. जास्त मद्य पडलेले तेल उरले होते, ते अंगाला चोळण्यासाठी वापरण्याची मोकळीक दिली. म्हणजे औषधालाच पाप ठरवले नाही, आणि औषधाच्या नावाखाली चाललेली नशाही चालू दिली नाही. आपल्या घरातही हाच विवेक लागतो. वेदना असलेल्याला औषध नाकारणे हा काही धम्म नव्हे.

आता घरच्यांचे पाहू. गोळीत अडकलेला माणूस गिलान आहे, आजारी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व मादक पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारातच केला आहे. महावग्गातच हगवणीने घाणीत पडलेल्या एका भिक्षूची कथा येते. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर ठेवले. घराच्या कामाचा न उरलेला माणूस आपल्याकडेही असाच कोपऱ्यात पडतो.

त्याच प्रकरणात रुग्णाची सेवा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत. औषधाची व्यवस्था करता येणे, हितकर काय व अहितकर काय ते कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस न येणे आणि वेळोवेळी धम्मकथेने उभारी देणे. यांतला दुसरा गुण नीट समजून घ्या, कारण चूक तिथेच होते.

गोळ्या सापडल्या की घरचे रागाने त्या मोरीत फेकून देतात. 'आजपासून बंद!' हे अहितकर आहे. झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतलेल्या शरीराला त्या एकाएकी मिळाल्या नाहीत तर थरथर, घाम, भयंकर भीती, आणि कधी आकडीही येते. त्यात जीवही जाऊ शकतो. ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू, काही आठवडे, कधी काही महिने घेऊन कमी करायची असते. वेदनेच्या अफूवर्गीय गोळ्यांची गोष्ट थोडी निराळी. त्या सुटताना अंग मोडते, जुलाब होतात, नाक-डोळे वाहतात. पण खरा धोका नंतर आहे. काही काळ सोडून राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरते, आणि त्याने पुन्हा पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर अधिकच. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक हवी. जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्या आणि भगताचे गंडे यांबद्दल बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको, असे वाटते खरे. पण अडलेले घर कुठेही जाते.

तिसरा गुण मैत्रीचा. मैत्री म्हणजे झाकपाक नव्हे. कामावर खोटी चिठ्ठी देणे, उधारी गुपचूप फेडणे, गोळी आणून देणे, याने आजार पोसला जातो. 'गोळीला पैसे देणार नाही, दवाखान्यात मात्र सोबत येईन' असे शांतपणे सांगता येते. आणि सुनेला 'तुझ्यामुळेच त्याचे असे झाले' म्हणणे ताबडतोब थांबवा. या आजारात सर्वांत जास्त तीच झिजलेली असते. तिलाही कोणीतरी विचारले पाहिजे, मुलांनाही.

महावग्गात चांगल्या रुग्णाचेही गुण आहेत. त्यांतला एक म्हणजे आजार आहे तसा सांगणे, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला म्हणणे. गोळीचा रुग्ण नेमका इथेच कमी पडतो. तो लपवतो, मोजून खोटे सांगतो. पण खरे सांगितल्यावर ज्या घरात मार किंवा अपमानच मिळतो, तिथे खरे कोण सांगेल? काही ठिकाणी घरचेच आग्रह धरतात की याला विहारात सर्वांसमोर उभे करून पुन्हा शील द्या. माझ्या मते हे बंद व्हावे. शील हे सिक्खापद आहे, शिकण्याचे पाऊल. म्हणूनच ते आपण सगळे पुन्हा पुन्हा घेतो. सुटलेला माणूस पुन्हा घसरला तर त्या रात्री हिशेब मागू नका. काय घेतले, किती घेतले एवढेच विचारा आणि डॉक्टरांकडे न्या.

आपल्या महिला मंडळांना इथे मोठे काम आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाच्या रांगेत एकट्या बाईला सकाळ काढावी लागते; तिच्यासोबत एक उपासिका गेली तरी पुष्कळ. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे, मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. हे दोन्ही आकडे विहाराच्या फळ्यावर, वंदनेच्या वेळापत्रकाखाली लिहून ठेवा. घरच्यांनीही त्यावर विचारावे, रुग्ण तयार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.