दगडाची साल

पेणजवळच्या रामवाडीत बांधावरचा एखादा जुना दगड डोळे सांभाळून फोडा. आत काळाभोर, बाहेर तांबूस साल! हा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस थिजून तो बनला, म्हणून तो अग्निजन्य खडक. पाणी व हवा लागून त्यातले लोह गंजते, खनिजे कुजून माती होते. पावसाळ्यात ती भोगावती नदीतून खाडीत जाते. तो गाळ खोल गाडला जाऊन घट्ट झाला, तर स्तरित खडक होईल. आणखी खोलात उष्णतेने व दाबाने त्याचाच रूपांतरित खडक होईल. वितळला तर पुन्हा शिलारस! आता पट्टीने साल मोजा. तेवढा दगड मातीच्या वाटेला लागला आहे.