दोन रेघांमधलं अंतर

पुण्यात, मुलांच्या वाढीवर आणि हॉर्मोन्सच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एका विभागात मी बावीस वर्षं मापं घेतली. मी डॉक्टर नाही. संशोधन साहाय्यक म्हणून लागले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. उंची, वजन, बसून उंची, दंडाचा घेर, आणि रक्त काढताना मुलाचा दुसरा हात धरून बसणं, हे माझं काम. आता त्या जागी आलेल्या मुली अधूनमधून फोन करतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. वेणी सोडायला सांगावं

शाळेत गॅदरिंग होतं म्हणून आईने नऊ वर्षांच्या लेकीला छान सागरवेणी घातली होती, अगदी टाळूपासून. ती सोडायला सांगायचं माझ्या जिवावर आलं. यंत्राची पट्टी जरा दाबून खाली आणली आणि लिहिलं, १२१.४. सहा महिन्यांनी ती मोकळ्या केसांनी आली. उंची भरली १२१.२. मुलगी दोन मिलिमीटर कमी कशी झाली? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मला वेणी आठवली, मी सांगून टाकलं. मग पहिलं माप बादच धरावं लागलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलवायचं ठरलं.

त्या तीन महिन्यांत ती तीन मिलिमीटर वाढली. सव्वा-दीड सेंटिमीटर तरी वाढायला हवी होती. रक्त तपासलं तर थायरॉईड जवळपास बंद पडलेली, थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच हॉर्मोन शंभराच्या वर. शाळेत ती शांत म्हणून नावाजलेली होती. बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, सुजरा चेहरा, यातलं काहीच कोणाला आजार वाटलं नव्हतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि पुढच्या वर्षभरात ती दहा सेंटिमीटर वाढली. पण पहिलं माप बिनचूक असतं, तर दुसऱ्या मापाच्याच दिवशी रक्त तपासणीला गेलं असतं. ते तीन महिने माझ्या हातून गेले.

म्हणून सांगते. बूट-मोजे काढा, केस मोकळे करा. टाचा, कुल्ले, पाठ फळीला. डोळ्याखालच्या खोबणीची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत हवं, हनुवटी वर गेली तर माप चुकलं. जबड्यामागे दोन्ही हातांनी हलका आधार द्या, मुलाला मोठा श्वास घ्यायला सांगा, आपण वाकून पट्टी डोळ्यांसमोर आणा आणि मग वाचा. असं तीनदा. शक्यतो दर वेळी सकाळीच, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभरसुद्धा कमी भरू शकतो.

२. एका आकड्यावरून काही बोलू नये

"किती कमी आहे हो?" हा आईबापांचा पहिला प्रश्न. खरा प्रश्न निराळा आहे: वाढतोय का, आणि किती वेगाने? पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं. पुढे चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा, आणि मग एकदम उसळी. ठेंगणा पण वेळच्या वेळी वाढणारा मुलगा मला कमी काळजीचा वाटतो. उंच दिसणारा पण दोन वर्षं जागच्या जागी थांबलेला जास्त काळजीचा.

"बापही कॉलेजात गेल्यावर उंच झाला," असं आजी सांगते तेव्हा ते उडवून लावू नये. पुष्कळदा ते खरंच निघतं. डाव्या पंजाचा एक्स-रे काढला की हाडांचं वय दोन वर्षं मागे दिसतं, म्हणजे वाढायला अजून वाव आहे. मात्र खात्री करून घ्यायची ती एक्स-रेने आणि पुढच्या मापाने.

३. निरोगी मुलाचं मापही तितक्याच निगुतीने घ्यावं

शाळांमध्ये जाऊन आम्ही धडधाकट मुलं मोजायचो. नव्या मुलींना ते कंटाळवाणं वाटतं. पण आजारी कोण हे ठरतं ते या निरोगी मुलांवरून. इंग्लंडमध्ये हार्पेंडेनच्या बालगृहात १९४८ साली जेम्स टॅनर यांचा अभ्यास सुरू झाला आणि १९७१ पर्यंत चालला. आज वयात येण्याचे टप्पे सांगताना जगभर टॅनर यांचं नाव घेतात. तिथली मापं घेणारा माणूस होता रेजिनाल्ड व्हाइटहाउस. वर्षानुवर्षं तीच मुलं आणि तोच हात. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांचे तक्ते २००६ साली दिले. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली होती आणि त्यात आपली दिल्लीही होती. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्याच मुलांवरून सुधारित तक्ते काढले. डॉक्टर कागदावर ज्या वक्ररेषा दाखवतात, त्यांच्यामागे अशी हजारो मुलं अनवाणी फळीला टेकून उभी राहिलेली आहेत.

४. टाचेचा एक थेंब

जन्मतःच थायरॉईड कमी असलेलं बाळ वरून अगदी सुरेख दिसतं. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदावर टिपला तर ते कळतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बाळाची बुद्धी वाचते. आपल्या देशात हजारभर बाळांमागे सुमारे एक असं असतं. गोळी स्वस्त आहे, कुटून चमचाभर पाण्यात देता येते. तरीही ही चाचणी देशात प्रत्येक बाळाची होत नाही. आमच्याकडे तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा यायचं, अजून बसायला शिकणारं. गोळीने त्याची उंची भरून निघायची. बाकीचं निघायचं नाही. हे मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

५. 'अंगी लागत नाही' हे लिहून घ्यावं

फॉर्ममध्ये या वाक्याला रकाना नसतो. मी समासात लिहायचे. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणजे कधी आतड्यांचा आजार निघतो, कधी मूत्रपिंडाचा. आणि कधी घराचा.

एल्सी विडोसन या इंग्रज संशोधिकेने दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या दोन अनाथालयांतली मुलं पाहिली आणि १९५१ साली ते प्रसिद्ध केलं. दोन्हीकडे शिधा सारखाच, पण एकीकडची बाई मायाळू आणि दुसरीकडची कडक. ही कडक बाई जेवायच्या वेळी मुलांना सगळ्यांसमोर टाकून बोलायची. मायाळू बाईकडची मुलं जास्त वाढली. पुढे त्याच अनाथालयाला जादा पाव, जॅम, संत्र्याचा रस सुरू झाला, आणि नेमकी त्याच सुमाराला मायाळू बाई गेली व कडक बाई तिथे आली. जादा खाऊनही ती मुलं मागे पडली. ज्यांना खाऊ मिळाला नव्हता पण बाईपासून सुटका मिळाली होती, ती पुढे गेली. कडक बाईची लाडकी आठ मुलं होती. ती मात्र सुरुवातीपासून चांगली वाढत होती.

हे वाचल्यापासून माप घेताना मी मुलाला एक प्रश्न हमखास विचारायचे: जेवायला कोणाशेजारी बसतोस? उत्तर येण्याआधी मूल आईकडे बघतं की नाही, तेही मी बघायचे.

६. मुलीची उंची कोणी बघत नाही

बुटका म्हणून मुलगा सातव्या वर्षी आणतात. मुलगी पंधराव्या वर्षी येते, तीही "अजून पाळी नाही" म्हणून. अडीच हजार मुलींमागे साधारण एकीला टर्नर सिंड्रोम असतो, दोनपैकी एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं. कमी उंची ही त्याची सर्वांत ठळक खूण, आणि ती पहिलीपासून वर्गाच्या रांगेत दिसत असते. लवकर कळलं तर उंचीसाठी इंजेक्शनं देता येतात, हृदय आणि मूत्रपिंड वेळेवर तपासता येतात. पंधराव्या वर्षी हातात वेळ फार थोडा उरतो.

अशा मुलीला सांगायचं तेव्हा तिच्यासमोर, तिच्याशी बोलून सांगावं. व्हरांड्यात आईला बाजूला घेऊन "लग्नाचं काय" ही कुजबुज मी फार ऐकली. मुलगी काचेतून बघत असते.

७. औषध दिलं म्हणजे काम संपलं नाही

वाढीच्या हॉर्मोनची इंजेक्शनं १९५८ पासून दिली जाऊ लागली. तेव्हा ती मृत माणसांच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून काढत. मुलं वाढली, सगळ्यांना आनंद झाला. वर्षं लोटली आणि १९८५ मध्ये कळलं की त्यातली काही आता तरुण वयात मेंदूच्या जीवघेण्या आजाराने दगावत आहेत. तो संसर्ग त्या ग्रंथींमधूनच आला होता. ते औषध थांबलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयार केलेल्या हॉर्मोनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज दिलं जातं ते हे दुसरं.

"अहो, अभ्यास संपला, आता कशाला बोलावता?" असं एखादे वडील वैतागून विचारायचे तेव्हा मी त्यांना ही हकिगत सांगायचे. लपवायचे नाही. बहुतेक जण पुढच्या वेळी यायचे. रोज रात्री लेकराला सुई टोचणाऱ्या आईला एवढं सांगायलाच हवं. अशा कित्येकींकडे औषध ठेवायला फ्रिजही नसायचा. एकीची इंजेक्शनची पेनं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दुधाच्या पिशव्यांशेजारी ठेवलेली असायची आणि दुकानदार रात्री शटर ओढण्याआधी आठवणीने घरी पोचवायचा.

८. घरच्या नोंदीला हसू नये

एक सुतार आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. खिशात फोन, फोनमध्ये दाराच्या चौकटीचा फोटो. दर पाडव्याला मुलाला उभं करून पेन्सिलीने मारलेल्या रेघा, शेजारी साल. फोटोवरून काय कळणार, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्यांनी घडी केलेला कागद काढला. टेपने घेतलेली सगळी मापं त्यावर होती. सुताराचा टेप तो, मिलिमीटरपर्यंत. रेघांमधलं अंतर सहा, साडेपाच, सहा, मग अडीच, मग एक सेंटिमीटर.

फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची अठरा वर्षं अशीच मोजली होती. वाढीच्या शास्त्रात त्या मापांचा पहिली सलग नोंद म्हणून आजही उल्लेख होतो. त्याच तोलाचा कागद माझ्या टेबलावर होता.

डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि मुलाला दोनच प्रश्न विचारले. डोकं दुखतं का? फळा नीट दिसतो का? तो म्हणाला, दिसत नाही म्हणून बाईंनी पुढच्या बाकावर बसवलंय. त्याच आठवड्यात एमआरआय झाला. पियुषिका ग्रंथीजवळ गाठ होती, क्रॅनिओफॅरिंजिओमा. कर्करोगाची नव्हे, पण दृष्टीच्या नसेवर दाबत होती. ऑपरेशन झालं. ग्रंथी गेल्यामुळे थायरॉईड, कॉर्टिसोल सगळं बाहेरून द्यावं लागलं, आणि गाठ परत आलेली नाही याची वर्षभर खात्री केल्यावर वाढीचं हॉर्मोन सुरू झालं.

पुढच्या पाडव्यानंतर ते दोघे आले. यंत्रावर उभं राहण्याआधी मुलाने स्वतःच बूट काढले, टाचा फळीला लावल्या आणि मान सरळ केली. वडिलांनी कागद उघडून खाली धरला, माझा आकडा कळेपर्यंत वर बघितलं नाही. मी तीनदा मोजलं. त्यांचा आणि माझा आकडा एकच होता. शेवटच्या दोन रेघांमध्ये नऊ सेंटिमीटर.