घरकर्जाच्या कामाला लागणाऱ्या सखीसाठी



गटाची वही लिहिता लिहिता हिशेबात तयार झालेल्या आपल्यातल्या काहीजणी आता बँकेत, पतसंस्थेत नाहीतर घरकर्ज देणाऱ्या कंपनीत कामाला लागतात. कुणी बँक सखी म्हणून शाखेत बसते, कुणी कंपनीची कर्ज अधिकारी म्हणून गाडीवरून गावं फिरते. हा पाठ त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे, म्हणजे घर गहाण ठेवून दिल्या जाणाऱ्या कर्जाच्या कामाबद्दल. नवीन लागलेल्या सखीनं स्वतः काय अपेक्षा ठेवावी आणि कर्ज मागणाऱ्या बाईला काय सांगावं, एवढंच यात बघायचं आहे. तुमची लेक किंवा सून या कामाला लागली असेल तर तिला हा पाठ द्या. कर्ज घेणाऱ्या तुम्हीच असाल तरी वाचा. समोर बसलेल्या ताईला काय विचारायचं ते कळेल.

गटाचं कर्ज वेगळं, घराचं वेगळं

गटाला बँक कर्ज देते तेव्हा घरदार, दागिना काही तारण घेत नाही. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांकडून २० लाख रुपयांपर्यंत तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. एखादीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊजणी पुढच्या बैठकीत तिला विचारतात, सांभाळूनही घेतात. दोन-तीन वर्षांत कर्ज फिटतं.

घरकर्ज पंधरा-वीस वर्षं चालतं आणि त्याला तारण असतं ते डोक्यावरचं छप्पर. सलग तीन हप्ते थकले, ९० दिवस उलटले, की खातं थकीत होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते आणि पुढं घराचा ताबा घेण्यापर्यंत गोष्ट जाते. त्यासाठी सावकाराला दिवाणी दावासुद्धा लावावा लागत नाही. म्हणून गटात "घे गं, बघू पुढचं पुढं" असं म्हणून चालून जात असेल, पण इथं ते म्हणायचं नाही.

तुमच्या पगाराचं आधी बोला

कामावर हजर होण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्या. ठरलेला पगार आहे की फक्त कमिशन? पेट्रोलचे पैसे कोण देणार? महिन्याचं टार्गेट किती, आणि नवीन माणसाला पहिले किती महिने त्यातून सूट? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इन्सेंटिव्ह मंजुरीवर मिळतो की पैसे वाटप झाल्यावर? बहुतेक ठिकाणी तो वाटपावर असतो. मंजुरीचं पत्र आलं म्हणून घरी पेढे वाटलेत आणि पुढं कागदात अडकून वाटपच झालं नाही, तर तुमच्या हातात शून्य.

पहिले तीन महिने तर पेरणीचेच धरा. आज भेटलेल्या बाईची फाईल तयार व्हायलाच महिना जातो. फाईल लॉगिन झाली, म्हणजे कंपनीकडे रीतसर दाखल झाली, की घरभेट, मग वकिलाची तपासणी, मग घराचं मूल्यांकन, मग मंजुरी, मग गहाणखत, आणि त्यानंतर पैसे. बांधकाम चालू असेल तर पैसेही टप्प्यानं येतात: जोत्याला थोडे, स्लॅबला थोडे, गिलाव्याला थोडे. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात सासूबाई विचारणार, "एवढं ऊन्हातान्हात फिरतीस, पैसं कुठं हाईत?"

फाईल परत येणं हे या कामात रोजचं आहे. आपल्या शेजारच्या साताऱ्यातलं उदाहरण बघा. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला होता, कारण अर्ज करणाऱ्या बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय करून दाखवावा, असं त्यांनी म्हटलं. १९९७ मध्ये बँकेला परवाना मिळाला. हिशेब त्यांना पहिल्या वेळीही येत होता, अडलं होतं ते कागदावर. घरकर्जात नेमकं हेच होतं. बाई कष्टाची, हप्ता फेडणारी, सगळं खरं. पण फाईल अडते ती कागदावर. तेव्हा परत आलेल्या फाईलवर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचा, आणि त्या बाईला जसंच्या तसं सांगा. "वरून नाही आलं" एवढंच सांगून निघून येऊ नका.

कागद कुठं अडतात

कोल्हापूर जिल्ह्यात फिरताना चार-पाच गाठी पुन्हा पुन्हा भेटतील.

पहिली गाठ गावठाणातल्या घराची. घरमालक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून देतो आणि म्हणतो, घर माझंच आहे. पण तो उतारा घरपट्टी आकारण्यासाठीचा आहे. मालकीचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. मिळकत पत्रिका आहे का ते विचारा. केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली, ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन पत्रिका तयार होऊ लागल्या. गावाची मोजणी झाली आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात एकदा स्वतः जाऊन विचारा. पूर्ण गावाचं उत्तर एका फेरीत मिळतं.

दुसरी गाठ मयत सासऱ्यांच्या नावाची. वारस नोंद झालेली नसते, वाटणी तोंडीच झालेली असते. इथं नणंदांचा प्रश्न येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांएवढाच आहे, त्यामुळं वकील त्यांची संमती मागणारच. "फाईल अडती म्हणून बहिणींकडनं हक्कसोड लिहून घ्या" असा सल्ला तुम्ही कधीही देऊ नका. तो त्यांच्या घरातला निर्णय आहे, आणि ज्या बहिणीचा हक्क जातो तीही कुठल्यातरी गटातली सखी असते.

तिसरी, इकराराची. विकास सेवा संस्थेतून पीककर्ज घेताना सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे इकरार लिहून दिलेला असतो आणि तो बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढलेला असतो. घर शेतातल्या गटात बांधलेलं असेल तर हा बोजा आणि बिनशेती आदेश, दोन्ही पहिल्याच भेटीत बघा.

आणि नदीकाठ. शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या गावांत २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, हे मूल्यांकनाला येणारा माणूस विचारणारच. भिंतीवरची खूण तुम्ही आधीच बघून ठेवा. घराचं मूल्य कमी धरलं गेलं तर कर्जही कमी बसतं, आणि ते बाईला शेवटच्या दिवशी कळू नये.

हप्ता कुठल्या पैशातून जाणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ घेऊन विचारा. आपल्याकडं उत्पन्न एकाच चालीनं येत नाही. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा कायदा आहे, पण तरी ते वर्षातून एकदा-दोनदाच येतं आणि येताच सोसायटीत वळतं होतं. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. इचलकरंजीत मागावर जाणाऱ्याची मजुरी आठवड्याला, कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्याचा पगार महिन्याला. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. म्हणून हप्ता दुधावर आणि पगारावर बसवा. उसाचे पैसे हप्त्यात धरूच नका, ते जादा भरणा करायला राहू द्यात. आणि दुधाचं बिल विचाराल तेव्हा पेंड, उचल, सोसायटीची कपात जाऊन हातात किती येतं ते विचारा. डेअरीच्या पावतीवरचा मोठा आकडा कामाचा नाही.

आता हिशेब करून बघू. समजा एक बाई ८ लाख मागते, व्याज १० टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता बसतो सुमारे ८,५९७ रुपये. पहिल्या हप्त्यातले ६,६६७ व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त १,९३०. पंधरा वर्षांत एकूण साडेपंधरा लाखांच्या आसपास भरले जातात. हेच व्याज १४ टक्के असेल तर हप्ता १०,६५४ होतो आणि एकूण भरणा १९ लाखांवर जातो. गटात "शेकडा एक, शेकडा दोन" अशी भाषा असते, त्यामुळं १० आणि १४ मधला फरक चार रुपयांचाच वाटतो. या उदाहरणात तो पावणेचार लाखांच्या जवळ जातो. हे दोन्ही आकडे वहीवर लिहून तिच्यासमोर ठेवा.

त्या घरात महिन्याला हातात २२,००० येतात, गटाचा हप्ता २,५०० आणि दुसऱ्या एका कंपनीचा ३,२०० चालू आहे, असं धरा. सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सगळे हप्ते मिळून घराच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. घरकर्जालाही हाच माप लावून बघितलेला बरा. निम्मे म्हणजे ११,०००, त्यातले ५,७०० आधीच गुंतलेले. उरले ५,३००. एवढ्या हप्त्यात १० टक्क्यांनी पाच लाखांच्या आतलंच कर्ज बसतं. तिला आठ हवेत, बसतात पाच. हे त्याच दिवशी सांगायचं. घरकुल मंजूर असेल तर त्याचं अनुदान धरून पाच-सहा लाखांत कुठवर बांधकाम येतं, एक खोली पुढं ढकलता येते का, ते दोघी मिळून बघा. चालू असलेलं एखादं छोटं कर्ज फिटेपर्यंत सहा महिने थांबा म्हणणं हेसुद्धा तुमचं काम आहे. टार्गेटवाला साहेब नाराज होईल, होऊ दे. थकलेल्या हप्त्याची वसुली करायला त्याच दारात तुम्हालाच पाठवणार आहेत.

सही तिची, घर कुणाचं?

घरकर्जात नवऱ्याबरोबर बायकोलाही सहकर्जदार करतात. सहकर्जदार म्हणजे पूर्ण कर्जाची जबाबदारी, अर्ध्याची नव्हे. पण घराच्या कागदावर तिचं नाव असतंच असं नाही. म्हणजे फेडायला ती, मालक मात्र एकटा तो. सही घेण्याआधी हे तिला चारचौघांत नको, स्वयंपाकघरात बसून सांगा. "घर दोघांचे" मोहिमेत ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचं काम आपल्या गटांनी केलेलं आहे. कर्जाची फाईल उघडते तीच वेळ नाव लावून घ्यायला सोयीची असते, कारण तेव्हा घरातल्या पुरुषालाही तिची सही हवी असते. तयार घर विकत घेत असतील तर महाराष्ट्रात बाईच्या नावावर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेही सांगा.

गाव आपलं, म्हणून जपून

गावात तुम्हाला कुणी अधिकारी म्हणत नाही. तुम्ही कुणाची वहिनी, कुणाची मावशी. "आक्का, तू हाईस न्हवं, मग हुईल की!" असं म्हणणाऱ्या बाईला तिथंच सांगा की मंजुरी तुमच्या हातात नाही; कागद नीट गोळा करून वेळेत पोहोचवणं तुमच्या हातात आहे. रोख पैसे हातात घेऊ नका, चहापाण्याचे म्हणूनसुद्धा नाही. जी काही फी असेल ती कंपनीच्या खात्यावर आणि पावती तिच्या हातात. कुणाचा ओटीपी स्वतःच्या फोनवर मागवू नका. जाऊबाई, नणंद यांची फाईल असेल तर शाखेत नातं सांगून दुसऱ्या सहकाऱ्याकडं द्या.

तुम्ही ग्रामसंघाच्या पदाधिकारी असाल तर अजून एक. गटाची बैठक ही कर्ज खपवायची जागा नाही. तिथं माहिती द्यायची असेल तर अध्यक्षांना विचारून द्या, आणि इतर बँकांचे दरही सांगा. ज्या बैठकीत बायका मन मोकळं करतात तिथंच त्यांना गिऱ्हाईक म्हणून बघायला लागलात, तर पुढच्या वेळी त्या खरा हिशेब सांगणार नाहीत.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या कर्जाला मुख्य माहितीचा तक्ता द्यावा लागतो. व्याज, सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर, हप्ता, दंड हे त्यात असतं आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. मराठी प्रत मागून घ्या, वाचून दाखवा. कर्जाला विमा जोडलेला असेल तर त्याचा हप्ता कर्जातच मिसळलेला आहे का, तिथं बोट ठेवून दाखवा. बदलत्या दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदारानं मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही. उसाचं बिल आलं की त्यातलं थोडं भरायला सांगायचं ते याचसाठी.

आणि कर्ज फिटेल तेव्हाचंही आजच सांगून ठेवा, कारण तेव्हा तुम्ही त्या शाखेत असाल असं नाही. पूर्ण पैसे भरल्यापासून ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. कर्ज देणाऱ्याच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागदांसोबत कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायचा, आणि बोजा सातबाऱ्यावर असेल तर तलाठ्याकडं, मिळकत पत्रिकेवर असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात देऊन तो उतरवून घ्यायचा. उतरल्यावर नवा उतारा काढून घरात ठेवायचा.