दोन गावे, दोन सावल्या

वर्ध्याच्या विद्यार्थ्याला मुंबईच्या मित्राबरोबर एकाच दिवशी एकच प्रयोग करता येईल का? आता येतो. मोबाईलचा संदेश बराचसा प्रवास काचेच्या तंतूतून प्रकाशरूपाने करतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. असतो. तंतूचा मार्ग ८०० कि.मी. धरला, तरी एवढ्या प्रवासाला ०.००४ सेकंदच लागतो.

आता प्रयोग करा. उन्हात सपाट जागी काठी उभी रोवा. सकाळी ११ ते दुपारी २ पर्यंत दर ५ मिनिटांनी सावलीची लांबी मोजा. माध्यान्हीच्या आसपास ती फार सावकाश बदलते. म्हणून माध्यान्हीआधी व नंतर सारखीच लांबी असलेल्या दोन वेळा निवडा. त्यांची मध्यवेळ ही तुमची माध्यान्ह. मित्रानेही तसेच करावे. मग आकडे एकमेकांना कळवा.

मुंबईची माध्यान्ह सुमारे २३ मिनिटे उशिरा येईल. असे का? पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणजे १° फिरायला ४ मिनिटे. वर्धा ७८.६° व मुंबई ७२.८° पूर्व रेखांशावर आहे. फरक ५.८°, ५.८ × ४ = २३.२ मिनिटे.

समजा, तुम्ही मित्राचेच आकडे उतरवून घेतले, तर हा फरकच नाहीसा होईल! हाताने काम करीत शिकावे, हा विचार २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला. संदेश तंतूतून येईल. काठी मात्र आपणच रोवायची.

सोडवा : पुणे ७३.९° पूर्व रेखांशावर आहे. तेथील माध्यान्ह वर्ध्यानंतर किती मिनिटांनी?