मज्जारज्जू भरून का येत नाही?

प्रश्न : भावाच्या मनगटातली तुटलेली नस शस्त्रक्रियेनंतर भरून आली. मग वडिलांचा दुखावलेला मज्जारज्जू का भरून येत नाही?

उत्तर : वाढण्याची ताकद मज्जारज्जूतल्या तंतूंमध्येही असते, भोवताल मात्र त्यांना अडवतो. १९८१ मध्ये कॅनडातील सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तेव्हा तंतू त्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले! पुढे झुरिचमध्ये मार्टिन श्वाब यांनी मज्जारज्जूतल्या तंतूंभोवतीच्या मायलिन आवरणातली वाढरोधक प्रथिने शोधली. त्यांतले प्रमुख 'नोगो-ए'. तंतूचे टोक त्याला भिडले की आक्रसते आणि थांबते. मनगटातल्या नसेचे मायलिन वेगळ्या पेशी बनवतात. शिवाय तिथले तुटके अवशेष लवकर साफ होतात, म्हणून तंतूला वाट मिळते. मज्जारज्जूत जखमेच्या व्रणात साचणारे काँड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन हे रेणूही तंतूंना रोखतात.

नोगो-एला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या आहेत, पण सिद्ध उपचार अजून नाही. त्यामुळे खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातींवर कृपया पैसे घालवू नका. वडिलांचा व्यायाम नियमित ठेवा, कूस बदलत राहा आणि लघवीच्या संसर्गाकडे काटेकोर लक्ष द्या.